उंद्रीच्या देवळातलं ऑइल इंजिन

१२ जुलै १९६४, रविवार. चिखली.
आजपासून मी लेखक. तसा आतून होतोच, आज बाहेरून ठरलं.
माणिकरावांनी दुकानात बोलावलं. त्यांची ऑइल इंजिनांची एजन्सी, मी तिथला मेकॅनिक. म्हणाले, इंजिन विकलं की आठ दिवसांत शेतकरी दारात उभा. हॅन्डल मारता येत नाही, हवा काढता येत नाही, सगळ्याला मिस्त्री पाहिजे. तू एवढा वाचत असतोस, तर साध्या मराठीत एक पुस्तक लिही. प्रत्येक इंजिनाबरोबर देऊ. कव्हरवर तुझं नाव टाकू. पण दसऱ्याच्या आत, कारण दसऱ्यापासून गिऱ्हाईक सुरू होतं. नाही झालं तर कंपनीचं इंग्रजी पुस्तक मागवीन.
मी म्हटलं, दसरा कशाला, पोळ्याच्या आत घ्या.
चिखलीच्या वाचनालयातली दोन कपाटं मी संपवली आहेत. तिसरं राहिलंय, पण त्यात नुसतं अध्यात्म आहे. ज्यानं दोन कपाटं वाचली त्याला एक पुस्तक लिहायला किती वेळ लागणार? कव्हर डोळ्यांपुढे आलंसुद्धा. वर इंजिनाचं चित्र, खाली ‘लेखक : इंद्रभान’. मिस्त्री हा शब्द कुठेही नाही.
संकल्प : रोज पहाटे उठून लिखाण. आणि पुस्तक पुरं होईपर्यंत कादंबरी बंद. पूर्ण बंद. सत्यभामेला सांगितलं. बायको म्हणून तिला हे कळलंच पाहिजे. ती म्हणाली, मंग कंदिलाले तेल कमी लागंल. प्रोत्साहन असं पाहिजे.

१३ जुलै.
पहाट झाली तेव्हा झोपलो होतो. नंतर उठून पेन्सिलीला टोक केलं, मग दुसऱ्या बाजूनंही केलं. वही उघडली. पहिलं वाक्य आलं :
‘प्रथम टाकीत डिझेल आहे किंवा नाही, हे पाहावे.’
वा! काय वजन आहे. दोनदा मोठ्यानं वाचलं. सत्यभामेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तं सगळ्याईलेच माहीत असते. मी म्हटलं, माहीत असतं, पण वेळेवर आठवतं का? तिला टेक्निकल लिखाणातलं कळत नाही, तिचा दोष नाही.
एका दिवसासाठी एक वाक्य पुरे. मोठं वाक्य आहे.

१६ जुलै.
वाचनालयात पुस्तक परत करायला गेलो होतो. फक्त परत करायला. येताना एक हातात आलं, लाल पुठ्ठ्याची रहस्यकथा. आता हिला कादंबरी म्हणता येणार नाही, कारण हिच्यात प्रेम नाही, खून आहे. शिवाय स्टाइलचा अभ्यास पाहिजेच. वाचकाला पुढचं पान उलटायला कसं लावावं, हे इंजिनाच्या पुस्तकालाही लागू आहे.
लिखाण : उद्या.

१९ जुलै.
अस्वस्थ आहे. जेवण जाईना. लाल पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली निघाली! जमीनदाराचा खून कोणी केला? दिवाणजीनं की भाच्यानं? वाचनालयातल्या माणसाला जाऊन विचारलं. तो शांतपणे म्हणाला, ती पानं कधीचीच नाहीत, लोक आपापल्या अंदाजानं समजून घेतात. असं कोणी समजून घेतं का? मी ओट्यावर बसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काही थांग लागत नाही.
अशा मन:स्थितीत इंजिनावर कसं लिहायचं? एखाद्यानं प्रयत्न करून दाखवावा.

२४ जुलै. जानेफळ.
इथं एकाचं इंजिन बंद पडलं होतं. नळीत हवा शिरली होती, दुसरं काही नाही. हवा काढली, चालू केलं. परत निघालो तर शाळेवरून जाताना खिडकीतून कपाट दिसलं. गुरुजींना उगीच विचारलं, लाल पुठ्ठ्याचं अमकं एक आहे का? होतं! आणि अख्खं!
शाळेच्या पायरीवर बसून वाचलं. शेवटचं प्रकरण वाचायचं म्हणून सुरू केलं आणि पुन्हा अर्ध्यापासूनच वाचत आलो. खरं लिहितो, असा आनंद मला पगारानंही होत नाही. ऊन सरकत होतं तसा मी पायरीवर सरकत होतो. खून भाच्यानं केला. मला वाटलंच होतं. म्हणजे मधे एकदा वाटलं होतं.
एस.टी. गेली. चिखलीला उशिरा पोचलो. माणिकरावांना सांगितलं, इंजिन फार हट्टी होतं. त्यांनी पुस्तकाचं विचारलं. म्हटलं, त्याच कामासाठी फिरतोय.

२ ऑगस्ट.
प्रगतीचा आढावा. कव्हर तयार आहे, चित्रासकट. अर्पणपत्रिका तयार आहे. आधी वडिलांना होती, मग माणिकरावांना केली, मग सत्यभामेला, आता ‘समस्त शेतकरी बंधूंना’ अशी आहे, म्हणजे कोणी रुसायला नको. प्रस्तावना झाली. दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावनाही करून टाकली. पुस्तकाची पुढची आणि मागची बाजू अशी पक्की झाली आहे. मधलं राहिलंय.
सत्यभामा म्हणाली, एवढ्या दिवसांत एखादी गोधडी शिवून झाली असती. तिला आपलं गोधडीच सुचतं.

१० ऑगस्ट, सोमवार. उंद्री.
उकंडरावांच्या मळ्यात आलो आहे. वांगी, मिरची, बरीच भाजी आहे. पावसानं ओढ दिली आहे आणि नेमकं इंजिन बंद. टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या, खोलून पाहिलं. नोझल, म्हणजे आत डिझेलचा फवारा सोडणारी तोटी, गेलाय. नवा खामगावहून यायचा, एस.टी.नं कोणाच्या तरी हाती येईल. तोवर मुक्काम इथंच, उकंडरावांच्या घरी. घरात त्यांची आई रुखमाबाई. म्हातारी सगळ्या गावावर नजर ठेवून असते.
एका दृष्टीनं सोन्यासारखी संधी! गावात वाचनालय नाही. मोह नाही. पुस्तक इथंच पुरं करणार. कादंबरी एकही आणली नाही. एक आणली, पण ती अगदी बारीक आहे.

१२ ऑगस्ट.
आज जे झालं ते जगातल्या किती लेखकांच्या वाट्याला आलं असेल?
इथं श्रावणात दिवेलागणीला मारुतीच्या देवळात पोथी लागते. वाचतात सहदेवबुवा. त्यांचा घसा बसला म्हणून ते पोथी घरात कुलपात ठेवून अमडापूरला लेकीकडे गेले, आणि कोणाला सांगितलं नाही. इकडं लोक जमले, समई लागली, नारळही फुटला, आणि पोथीच नाही! फुटलेल्या नारळाचं काय करायचं म्हणून सगळे बसून राहिले. तेव्हा रुखमाबाई म्हणाल्या, या मिस्त्रीच्या पिशवीत एक वही हाय, तो भज्याच्या पुड्याचा कागदबी वाचल्याबिगर टाकत नाई, त्याले बसवा.
मला पाटावर बसवलं. वहीला हळदकुंकू लावलं. मी आवाज लावला. ‘प्रथम टाकीत डिझेल आहे किंवा नाही, हे पाहावे.’ एका आजोबांनी हात जोडले. मग प्रस्तावना वाचली, अर्पणपत्रिका वाचली, दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना वाचली. संपलं. लोक बसलेलेच. म्हटलं, पुढचं उद्या.
खोबरं वाटलं. मला मोठी फोड दिली.

१३ ऑगस्ट.
सकाळी रुखमाबाईंनी समज दिली. नारळ फुटला, कुंकू लागलं, म्हणजे पोथी लागली. आता मधे सोडता येत नाही. समाप्ती झाली पाहिजे, गावजेवण झालं पाहिजे, मगच वाचणारानं गावाबाहेर पाऊल टाकायचं. उकंडराव म्हणाले, माय, अवं ते इंजिनाचं पुस्तक हाय. त्या म्हणाल्या, असू दे, नारळाले काय माहीत.
उकंडरावांचा चेहरा पडला. माझा उजळला. एक अख्खं गाव पुढच्या प्रकरणासाठी थांबलंय! आता लिहावंच लागेल. दिवसभर विहिरीवर बसून लिहिलं. चक्क पानं भरली! उदाहरण म्हणून असं घेतलं : समजा, मोतीराम नावाचा एक शेतकरी आहे. तो हॅन्डल मारतो, पण त्याचे इंजिन सुरू होत नाही.

१४ ऑगस्ट.
वाचन छान झालं. सुरुवातीला सगळ्यांनी हात जोडून पहिलं वाक्य माझ्यामागून म्हटलं. पोथीची पहिली ओळ रोज म्हणायची असते, इथली रीत आहे. लहानथोर, बायाबापड्या एका सुरात : प्रथम टाकीत डिझेल आहे किंवा नाही, हे पाहावे. माझ्या अंगावर काटा आला.
पुढे ‘लिव्हर वर उचलून हॅन्डल फिरवावे’ हा भाग आला तेव्हा बरेच जण डुलत होते, पण ते एकाग्रतेनंही होतं. मोतीराम आला तसे जागे झाले. बायकांनी विचारलं, कोणत्या गावचा मोतीराम? एकटाच हॅन्डल मारते का, घरी कोनी नाई का? म्हटलं, मुलगी आहे. नाव काय? पंचफुला, मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. रुखमाबाईंनी विचारलं, लगन झालं का तिचं?
म्हटलं, उद्या.

१८ ऑगस्ट.
पंचफुला टेक्निकल दृष्टीनं फार उपयोगी पडते आहे. ती कंदील धरते, त्यामुळे वाचकाला इंजिनाचे सगळे भाग दिसतात. शिवाय मोतीराम तिच्याशी बोलतो, त्यामुळे समजावून सांगता येतं. आज ती कंदील धरून उभी असताना बांधावरून एक मुलगा गेला. त्याचा इंजिनाशी अजून संबंध नाही, पण पुढे तो पट्टा चढवायला येईल.
बारीक कादंबरी वाचायला वेळच मिळाला नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

२० ऑगस्ट.
दुपारच्या एस.टी.नं नोझल आला. छोटी डबी. पिशवीत ठेवली.
विचार केला. नोझल बसवला की इंजिन सुरू. इंजिन सुरू झालं की माणिकरावांचा निरोप, परत ये. आणि इकडं पोथी अर्धी! गावाच्या भावनेचा प्रश्न आहे. माझा नाही.
उकंडरावांनी विचारलं, नोझल आला का? म्हटलं, नोझल यायचाय. आणि हे खोटं नाही. पिशवीत आलाय, इंजिनात यायचाय.
उकंडरावांनी गोठ्यामागून जुनी मोट काढली आणि बैल जुंपले. मी पाठ फिरवून लिहायला बसलो. मोटेचा कुईकुई आवाज फार येतो, लिखाणात व्यत्यय.

२२ ऑगस्ट.
रुखमाबाईंना डबी सापडली. माझे कपडे उन्हात टाकायला पिशवी उपसली त्यांनी. डबी उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी डबी बंद केली, पिशवीत तळाशी घातली आणि वर माझा सदरा ठेवला.
“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पोरीचं लगन होऊ द्या आंधी.”

२६ ऑगस्ट.
गर्दी वाढली आहे. अमडापूरहून माणसं चालत येतात. आज पंचफुलेला पाहायला पाहुणे आले, त्यामुळे गव्हर्नरचं प्रकरण राहून गेलं. गव्हर्नर म्हणजे इंजिनाची चाल आवरणारा भाग. तो नंतर कुठंतरी घालू. पाणी थंड ठेवण्याचं प्रकरण मात्र साधलं : ती विहिरीवरून घागर आणून इंजिनाच्या टाकीत ओतते आणि ओतताना रडते. कारण बांधावरचा मुलगा पाहुण्यांत नव्हता.
एका बाईनं मला वाटेत थांबवून सांगितलं, त्या मोतीरामाले म्हना, पोरीचं मन पाहावं. मी म्हटलं, बघतो.
माणिकरावांच्या दुकानात मला कोणी असं थांबवत नाही. तिथं नुसतं, मिस्त्री, पाना द्या.

२९ ऑगस्ट.
नीट झोप नाही. सकाळी विहिरीवर गेलो तर इंजिन गोणपाटाखाली उभं. बघायचं नाही असं ठरवून बघितलं. पलीकडे वांग्याची पानं करपून लोंबत होती. बैलांच्या तोंडाला फेस. उकंडराव माझ्याशी बोलत नाहीत, फक्त ताट पुढं सरकवतात. आज एवढंच म्हणाले की, मिस्त्री, वांगे वाळून राह्यले.
मी म्हटलं, नोझल यायचाय.
मनाला बरं वाटलं नाही, हे लिहून ठेवतो. डबी काढली, हातात धरली. बसवून टाकावा असं चार वेळा वाटलं. मग आठवलं की आज साखरपुडा आहे आणि त्याचं एक पानही लिहिलेलं नाही. पुस्तकं अशी अर्ध्यावर टाकून कोणाचं भलं झालंय? थोडेच दिवस राहिलेत. समाप्ती झाली की लगेच नोझल.
कंडक्टरजवळ माणिकरावांना निरोप दिला : पुस्तक पुरं होत आलं, ३ सप्टेंबरला समाप्ती, गावजेवण आहे, अवश्य यावे. पोळ्याच्या आत म्हटलं होतं, पोळ्याच्या आतच करून दाखवतोय. आहे का कोणी असा वक्तशीर लेखक?

३ सप्टेंबर. उंद्री.
घडलं तसं लिहितो.
माणिकराव आले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. वांगी अमडापूरच्या बाजारातून विकत आणावी लागली, ती उकंडरावांनी स्वत: आणली आणि बायकांपुढे ओतली. गाव जेवलं. मग देवळात शेवटचं प्रकरण. आधी सगळ्यांनी हात जोडून पहिलं वाक्य म्हटलं. माणिकराव चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी मान किंचित झुकवली.
पंचफुलेचं लग्न बांधावरच्या मुलाशी लागलं. ती बैलगाडीत बसून निघाली, आणि मोतीराम हॅन्डल हातात घेऊन बांधावर उभा राहिला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मी वाचताना माझाच आवाज फाटला. देवळात बाया हुंदके देत होत्या. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. माणिकरावांनीही नाक शिंकरलं, मी पाहिलं.
मग ते म्हणाले, इंद्रभान, झकास. पण आपलं इंजिन?
मी म्हटलं, आहे ना, जागोजागी आहे. ते म्हणाले, पुस्तकातलं नाही, उकंडरावांचं.
उकंडराव माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, नोझल आजच आला! हे म्हणताना रुखमाबाईंकडे बघितलं नाही.
सगळं गाव विहिरीवर आलं. मी नोझल बसवला. हात सराईत चालत होते, लोक बघत होते, बरं वाटत होतं. लिव्हर उचलला, हॅन्डल मारलं. नुसती फसफस. पुन्हा मारलं. मग उकंडरावांनी मारलं, मग गावातल्या धडधाकट माणसांनी पाळीपाळीनं. सगळे घामाघूम. मी नळ्या पाहिल्या, नट पाहिले, पट्टा पाहिला, वर आभाळाकडेही पाहिलं. नवाच नोझल खराब निघाला असणार, असं म्हणत होतो, तेवढ्यात माणिकराव पुढे आले. टाकीचं झाकण फिरवून काढलं. आत वाकून पाहिलं. बोट घालून बाहेर काढलं, ते कोरडं होतं.
पहिल्या दिवशी टाकी मीच रिकामी केली होती, नळ्या धुवायला.
माणिकराव हळूच म्हणाले, “इंद्रभान, तुझ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य काय होतं?”
मी तोंड उघडायच्या आत गाव बोललं. हात जोडून, डोळे मिटून, लहानथोर एका सुरात : प्रथम टाकीत डिझेल आहे किंवा नाही, हे पाहावे. आणि म्हणून झाल्यावर सगळ्यांनी वाकून इंजिनाला नमस्कार केला.
गावात डिझेल नव्हतं. उकंडरावांनी बैल जुंपले.
एक गोष्ट यातून सिद्ध झाली. पहिलं वाक्य किती महत्त्वाचं होतं, हे मी सत्यभामेला आधीच सांगितलं होतं.

५ सप्टेंबर. चिखली.
माणिकराव रागावले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं. दुसऱ्या मेकॅनिकला डिझेलचा डबा देऊन उंद्रीला पाठवलं. एका हॅन्डलात सुरू झालं म्हणे. उकंडरावांनी त्याला चहा पाजला. मला महिनाभरात त्यांनी एकदाही आपणहून चहा विचारला नव्हता.
माणिकराव मला म्हणाले, त्या वहीतून लग्नबिग्न काढ, इंजिनाचं तेवढं ठेव, दसऱ्याच्या आत दे, अजून छापतो. म्हणजे आशा आहे! नाव कव्हरवर येणार!
फक्त वही उंद्रीला राहिली आहे. समाप्तीच्या गडबडीत. घेऊन येतो.

८ सप्टेंबर.
उंद्रीला जाऊन आलो. वही लाल फडक्यात बांधून मारुतीशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. वर फुलं. मी हात पुढे केला तर रुखमाबाईंनी अडवलं. समाप्ती झालेली पोथी जागची हलवत नाहीत, सोडत नाहीत, उघडत नाहीत. पुढच्या श्रावणात उघडायची. म्हटलं, अहो, माझी आहे, मी लिहिली आहे. त्या म्हणाल्या, लिवनाऱ्याची कुठं असते मंग, ते तं देवाची झाली.
सहदेवबुवांचा घसा सुटला होता. तेही म्हणाले, शास्त्राप्रमाणे बरोबर आहे.
म्हटलं, उतरवून घेतो आणि इथंच ठेवतो. उतरवायला उघडावी लागेल, म्हणाल्या. मग मी बाहेरूनच नमस्कार करून आलो. माझ्याच हस्ताक्षराला.
उकंडराव मळ्यात होते. इंजिन चालू होतं, आवाज झकास येत होता. मला हाक मारली नाही. मीही नाही मारली.

१९ सप्टेंबर.
आठवणीतून पुन्हा लिहायला घेतलं. पहिलं वाक्य आठवलं. पुढचं आठवलं ते असं : पंचफुलेनं कंदील वर केला. कितीही प्रयत्न केला तरी लिव्हर, हवा, नळी या क्रमानं येत नाही, कंदीलच येतो.
जरा डोकं शांत व्हावं म्हणून वाचनालयात गेलो. तिसऱ्या कपाटाला हात घातला. तिथंही लाल फडक्यातलीच पुस्तकं. बघून आलो.

२ ऑक्टोबर.
उद्या पहाटे उठून लिहिणार. सत्यभामेला उठवायला सांगितलं आहे. ती म्हणाली, कशाले. मी म्हटलं, पुस्तकाला. ती बरं म्हणाली. तिच्या ‘बरं’ मध्ये पूर्वी जास्त दम होता.

१० ऑक्टोबर.
कंपनीची पुस्तकं आली. इंग्रजी. माणिकरावांनी मलाच मोजून रॅकवर लावायला सांगितलं. माझ्या पुस्तकाविषयी काही बोलले नाहीत.
रॅकमागे उभं राहून एक पूर्ण वाचलं. बारीक पुस्तक. चित्रं, बाण, हात कुठं धरायचा ते दाखवलेलं. चांगलं आहे. खोटं कशाला लिहू, फार चांगलं आहे. कव्हरवर लेखकाचं नावच नाही. ज्यानं लिहिलं त्याला तरी ठाऊक असेल का, की हे चिखलीला आलं आहे? एका चित्रात टोपी घातलेला शेतकरी हॅन्डल मारतो आहे. माझ्या मनात आलं, याच्या घरी कोण कोण आहे.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी.
आज हत्यारांची पूजा. पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडली. पुस्तकंही मांडायची असतात. सत्यभामेनं विचारलं, तुमचं पुस्तक कुठं हाय? म्हटलं, उंद्रीला, देवळात. तिथं त्याची रोज पूजा होते. ती म्हणाली, मंग मले सांगा तरी काय हाय त्याच्यात. दोन महिने घर सोडून बसले होते.
दोन महिने नाही, महिनाच. पण वाद घातला नाही. तिनं आजवर मला पुस्तकाविषयी असं कधी विचारलं नव्हतं.
सांगायला बसलो. ती झेंडूच्या माळा ओवत होती. मोतीराम सांगितला, कंदील सांगितला, बांधावरचा मुलगा, पाहुणे, घागर, साखरपुडा. ती ओवायची थांबली. बैलगाडी निघाली तेव्हा तिचे डोळे भरून आले, तिनं लपवलेही नाहीत. म्हटलं, झालं एवढंच, इथं पुस्तक संपतं.
मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “मंग त्याचं इंजिन सुरू झालं का नाई?”
मी आठवून पाहिलं. पहिल्या दिवसापासून आठवून पाहिलं. मोतीराम हॅन्डल मारतो, पुन्हा मारतो, पोर कंदील धरते, पाहुणे येतात, लग्न लागतं, गाडी जाते, आणि तो हॅन्डल हातात घेऊन उभाच. मी कुठंच सुरू केलं नव्हतं. गावानंही विचारलं नव्हतं, माणिकरावांनीही नाही.
सत्यभामा माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘नाही’ म्हणवेना.
म्हटलं, नोझल यायचाय.